बाळाची हालचाल कमी वाटते : किती मोजायची आणि कधी निघायचं?

प्रश्न असा आहे : ‘मला ३४वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. कालपासून हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटते, पण पूर्ण थांबलेली नाही. परवा तपासणीची तारीख आहे. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात की शेवटी जागा कमी पडते, म्हणून बाळ शांत होतं. वाचायला जावं तर कुठे दहा हालचाली, कुठे बारा तास, कुठे दोन तास. नक्की किती मोजायच्या? परवापर्यंत थांबलं तर चालेल का?’

नाही, चालणार नाही. परवापर्यंतही नाही आणि उद्या सकाळपर्यंतही नाही. जिथे नाव नोंदवलंय तिथे आत्ता फोन करा, फोन लागत नसेल तर सरळ जा. सांगायचं एवढंच : ‘३४ आठवडे झालेत, कालपासून बाळाची हालचाल कमी आहे.’ फाइल आणि आधीच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट सोबत घ्या. रात्र असेल तर रात्री निघा. खाली जे लिहिलंय ते तपासणीच्या खोलीबाहेर बसून वाचलंत तरी चालेल. त्यात मी असं काही सांगणार नाही की ज्यामुळे तुम्हाला घरी थांबता येईल.

या कामात मला वीसेक वर्षं झाली. रात्री-अपरात्री हालचाल कमी वाटते म्हणून आलेल्या बायकांच्या तोंडचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ‘सॉरी डॉक्टर, उगाच त्रास दिला’ हेच असतं. अजून तपासणी व्हायची असते, ठोके टिपणारा पट्टा पोटाला लागायचा असतो, आणि ही माफी मागून मोकळी! हा संकोच मला रक्तदाबाइतकाच धोक्याचा वाटतो. एकदाच हालचाल कमी वाटून आलेल्यांपैकी साधारण ७० टक्के जणींचं पुढचं गर्भारपण सुरळीत पार पडतं. म्हणजे बऱ्याचदा मी त्यांना ‘सगळं ठीक आहे, घरी जा’ असंच सांगतो. तरी त्या उगाच आल्या होत्या असं मला कधीच वाटत नाही. उरलेल्या ३० टक्क्यांत आपण आहोत की नाही, हे घरी बसून कळण्याचा कुठलाही मार्ग नाही.

आता कारणाकडे येऊ. ‘जागा कमी पडते’ हे वाक्य इतकं पटण्यासारखं आहे की ते खोटं आहे हे आधी नीट समजून घ्यावं लागतं.

पोटातल्या बाळाला श्वास घेता येत नाही. त्याचा सगळा प्राणवायू वारेतून येतो. वार म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला तो मऊ, रक्ताने भरलेला गोल, आणि नाळ म्हणजे तिथून बाळापर्यंत जाणारी दोरी. वारेचं काम कमी पडायला लागलं की बाळाकडे येणारं रसद-पाणी आटतं. घरात पैसा कमी यायला लागला की आपण आधी कुठला खर्च तोडतो? ज्यावाचून चालतं तो. बाळही तेच करतं. मेंदू आणि हृदय यांच्याकडे जाणारं रक्त ते राखून ठेवतं, बाकीच्यांचं कमी करतं. मूत्रपिंडाला रक्त कमी, म्हणून लघवी कमी, म्हणून भोवतालचं गर्भजल कमी. वाढ मंदावते. आणि हातपाय हलवायला तर सरळ प्राणवायू खर्च होतो, म्हणून ते हलणं कमी करतं. तेव्हा बाळ शांत होणं ही अनेकदा काटकसर असते. ती काटकसर आईला आतून जाणवते. माझ्या यंत्राला ती कळते, पण आई माझ्यासमोर येऊन झोपल्यावरच.

ही काटकसर काही वेळा कित्येक दिवस चालते, काही वेळा आठवडेही, आणि तेवढाच अवधी आपल्या हातात असतो. सगळीकडे मात्र असं होत नाही. वार अचानक सुटली किंवा नाळेचा प्रवाह एकाएकी बंद पडला, तर इशाऱ्याला वेळच उरत नाही. ज्यांचं बाळ पोटात गेलं अशा आयांना मागाहून विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त जणींनी, साधारण ५५ टक्क्यांनी, त्याआधी हालचाल कमी झाल्याचं जाणवलं होतं असं सांगितलं. हा आकडा मी दोन्ही बाजूंनी वाचतो. निम्म्याहून जास्त वेळा इशारा होता, तो ऐकायलाच हवा. पण बाकीच्या वेळी तसा काही जाणवलाच नव्हता, आणि त्या बाईने ‘मला कसं कळलं नाही’ म्हणून स्वतःला कोसत बसण्यात काहीच तथ्य नाही.

जगभरात २०२१ साली सुमारे १९ लाख बाळं मृत जन्मली, आणि ही मोजदाद फक्त २८ आठवड्यांनंतरची. त्यातली ४० टक्क्यांहून जास्त बाळं प्रत्यक्ष प्रसूतीच्या कळा चालू असताना गेली. ते दुखणं वेगळं आहे. तिथे कळांच्या वेळी ठोके ऐकणारं माणूस जवळ असणं आणि वेळेवर शस्त्रक्रिया होणं हाच उपाय. हालचालींचं भान त्यावर औषध नाही. ते कळा सुरू होण्याआधीच्या मृत्यूंसाठी आहे.

तर मग नॉर्मल काय? पहिल्या खेपेला हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ओळखीची असल्यामुळे ती १६-१८ आठवड्यांतच कळते. आधी फडफडल्यासारखं, बुडबुडा फुटल्यासारखं वाटतं, पुष्कळ जणी ते पोटातला वायूच समजतात. वार पुढच्या बाजूला, म्हणजे पोटाच्या पुढच्या भिंतीला असेल, तर ती मध्ये गादीसारखी येते आणि हालचाल उशिरा व दबलेली जाणवते. हा फरक मुख्यतः २८ आठवड्यांच्या आधीचा. ३४व्या आठवड्यात एकदम हालचाल कमी झाली आणि कोणी म्हणालं ‘तुमची वार पुढे आहे ना, म्हणून’, तर ते पटवून घेऊ नका. वार मागच्या आठवड्यातही पुढेच होती की! २४ आठवडे होईपर्यंत एकदाही काही जाणवलं नसेल तर मात्र दाखवून घ्यायला हवं.

पुढे हालचाली वाढत जातात, ३२ आठवड्यांच्या आसपास एका पातळीला येतात आणि त्याच पातळीवर राहतात. दिवस भरत आले म्हणून त्या कमी होत नाहीत. कळा सुरू झाल्यावरही बाळ हलत असतं. बदलतो तो प्रकार. आधीच्या कोलांट्या जातात आणि वळण, ढकलणं, कूस बदलणं, बरगडीखाली पाय रोवणं हे येतं. जागा कमी पडते हे खरं आहे, पण त्याने हालचालीची तऱ्हा बदलते, संख्या घटत नाही. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं इथेच चुकतं आणि तेही समजण्यासारखं आहे : तऱ्हा बदलली की आईला ती कमी झाल्यासारखी वाटते, तिने ते बोलून दाखवलं की ऐकणारी मान डोलावते, आणि बाळ सुखरूप जन्मलं की समजूत पक्की होते. ज्यांचं बाळ सुखरूप आलं नाही त्यांचा अनुभव कुणी सांगत बसत नाही.

बाळ झोपतंही. एकेक झोप २० ते ४० मिनिटांची. निरोगी बाळ सलग ९० मिनिटांच्या वर क्वचितच निपचित राहतं. दुपारनंतर आणि संध्याकाळी हालचाल जास्त असते. शिवाय दिवसभर आपण कामात असलो की लक्ष जात नाही, रात्री पडलं की जाणवतं. म्हणून ‘आज लक्षच नव्हतं’ आणि ‘आज खरंच कमी आहे’ यात गल्लत होते. त्यावर उपाय पुढे सांगतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, किती मोजायच्या. या दहा, बारा आणि दोन आकड्यांचा गोंधळ कुठून आला ते थोडं सांगतो. १९७६ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात पीअरसन आणि वीव्हर या संशोधकांनी आईने हालचाली मोजून तक्त्यावर भराव्यात अशी पद्धत मांडली. बारा तासांत दहाहून कमी झाल्या तर कळवायचं. स्वस्त, सोपं, कुठेही करता येईल असं. जगभर ते तक्ते पोचले. मग १९८९ मध्ये सुमारे ६८ हजार गर्भवतींवर केलेला मोठा अभ्यास आला : निम्म्या जणींनी रोज मोजायचं, बाकीच्यांनी नेहमीसारखं. मृतजन्मांत फरक पडला नाही. याचा अर्थ हालचालींना काही महत्त्व नाही असा अनेकांनी काढला, आणि माझ्या मते तो चुकीचा होता. त्या अभ्यासातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की काही आया हालचाल कमी झाली म्हणून आल्या तेव्हा त्यांची बाळं जिवंत होती. तरी ती वाचली नाहीत, कारण तपासणीने खोटा दिलासा दिला किंवा निर्णयात चूक झाली. आईने तिचं काम केलं होतं, चूक आमच्या बाजूला झाली.

नॉर्वेत उलटा धडा मिळाला. तिथे काही रुग्णालयांनी सगळ्या गर्भवतींना एकसारखी माहिती लेखी दिली आणि त्याच वेळी आलेल्या बाईची तपासणी कशी करायची याचेही एकसारखे नियम घातले. हालचाल कमी म्हणून आलेल्यांमध्ये मृतजन्माचं प्रमाण ४.२ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आलं. २००९ सालचा हा अभ्यास. तो आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना करणारा होता, त्यामुळे त्याच्या जोरावर छाती ठोकून काही सांगता येत नाही. म्हणून ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ३३ रुग्णालयांत चार लाखांहून अधिक गर्भारपणांवर तो विचार पडताळून पाहिला. २०१८ मध्ये निकाल आला : मृतजन्म दर हजारी ४.४० वरून ४.०६ झाले, पण हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. शिवाय कळा आणायची औषधं आणि सिझेरियन वाढले.

हे सगळं मी लपवून ठेवू शकलो असतो. ‘मोजा, म्हणजे बाळ वाचेल’ हे ऐकायला बरं वाटतं. पण खरं असं आहे की नुसत्या मोजण्याने काही होत नाही. मोजून काय ठरलं, बाई किती वेळाने निघाली, समोरच्याने काय केलं, या सगळ्या कड्या जुळाव्या लागतात. एक जरी निखळली तरी तक्ता भरलेला राहतो आणि बाळ जातं.

आणि आकड्यात एक मोठी गोम आहे. समजा तुमचं बाळ रोज संध्याकाळी तासभर धुमाकूळ घालतं. आज त्या वेळेला तुम्हाला कशाबशा दहा हालचाली मिळाल्या, त्याही मऊ, दुरून आल्यासारख्या. तक्त्याप्रमाणे तुम्ही पास! पण तुमच्या बाळाच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे. दुसरीकडे एखादं बाळ मुळातच शांत असतं, त्याची आई रोज आकडा गाठायच्या काळजीने हैराण होते. मी एका बाईला पाहिलंय, मोबाइलमधल्या ॲपवर बोट ठेवून बसलेली. दहा झाल्या की ॲप शाबासकी देतं. ती म्हणाली, ‘डॉक्टर, ॲप ठीक म्हणतंय, पण मला ठीक वाटत नाही.’ तपासणीत पाणी कमी निघालं आणि बाळाची वाढ मागे पडलेली. तिने ॲपपेक्षा स्वतःवर विश्वास ठेवला म्हणून ती आली. म्हणून सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा मी देत नाही. तुमच्या बाळाची कालपर्यंतची सवय हेच तुमचं माप.

ती सवय कळायला मात्र रोज थोडा वेळ द्यावा लागतो. २८ आठवड्यांपासून दिवसातून एकदा, बाळ जागं असतं त्या वेळी, डाव्या कुशीवर पंधरा मिनिटं पडा. फोन बाजूला ठेवा. आकडा नको, फक्त लक्ष द्या : कुठे हलतंय, किती जोरात, ढकलतंय की वळतंय. स्वीडनमध्ये ही रीत हजारो बायकांना शिकवून पाहिली. त्याने बाळंतपणातले सगळे निकाल बदलले असं नाही, पण त्या गटात सिझेरियन वाढले नाहीत, उलट थोडे कमीच झाले. मला या पद्धतीचा फायदा वेगळाच दिसतो. अशी बाई जेव्हा फोनवर म्हणते ‘आज वेगळं आहे’, तेव्हा त्या वाक्याला वजन असतं. ‘रोज जेवणानंतर उजवीकडे लाथा मारतं, आज दोन वेळा जेवण झालं तरी नाही’ असं ती सांगू शकते. ‘कमी वाटतंय बहुतेक’ यापेक्षा हे ऐकणाऱ्यालाही झटकन उठवतं.

मग ते दोन तास आणि दहा हालचाली? त्याचा उपयोग एकाच ठिकाणी : दिवसभर लक्षच नव्हतं, आणि खरंच कमी आहे की काय अशी नुसती शंका आहे. तेव्हा डाव्या कुशीवर पडून पूर्ण लक्ष द्या. दोन तासांत वेगवेगळ्या दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर लगेच निघा. पण हालचाल थांबलीच असेल किंवा ठळकपणे कमी असेल, तर ते दोन तासही घालवू नका. तुम्ही कालपासून म्हणताय, म्हणजे तुमच्यासाठी ही पायरी मागे पडली. उचकी यात धरायची नाही. उचकी म्हणजे एका तालात येणारे छोटे झटके, ते बाळ ठरवून करत नाही.

काही सल्ले तुम्हाला आत्तापर्यंत मिळालेही असतील. गोड खा, थंड पाणी पी, पोट हलवून बघ, मग बाळ हलेल. यातलं काही केल्याने तपासणी टळत नाही. त्याने एखादी हालचाल झालीच, तर तेवढ्यावर समाधान मानून बाई झोपून जाते, तोटा तो आहे. भूक लागली असेल तर जरूर खा, पण वाटेत खा.

घरी वापरायचं ठोके ऐकण्याचं छोटं यंत्र, डॉपलर, याबद्दल मात्र मी चिडून बोलतो. पहिली गोष्ट, ऐकू येतंय ते बाळाचं हृदय आहे हे कशावरून? वारेतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज येतो, आईच्या मोठ्या रक्तवाहिनीचा येतो. बाळाचे ठोके साधारण मिनिटाला ११० ते १६० असतात, आणि घाबरलेल्या आईची नाडी ११०-१२० ला सहज जाते. म्हणजे तुम्ही स्वतःचंच हृदय ऐकून निश्चिंत होऊ शकता. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : ठोके हे शेवटी थांबतात. हालचाल कमी होते तेव्हा बाळ कष्टात असतं आणि ठोके चालूच असतात. त्यामुळे ‘ठोके ऐकू आले’ याचा अर्थ ‘बाळ ठीक आहे’ असा होत नाही, फक्त ‘अजून उशीर झालेला नाही’ एवढाच होतो. माझ्याकडे एक जण संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मधल्या वेळात तिने चार वेळा ठोके ऐकले होते. तिचं बाळ वाचलं, पण ते बरेच दिवस नवजात अतिदक्षता कक्षात होतं. ते यंत्र घरात असेल तर कुणाला तरी देऊनही टाकू नका, कारण ते दुसरीच्या घरातही तेच करणार.

काही औषधांनी हालचाल तात्पुरती मंदावते. झोपेची किंवा गुंगीची औषधं, आणि लवकर प्रसूतीची शक्यता असताना बाळाच्या फुप्फुसांसाठी देतात ती स्टेरॉइडची इंजेक्शनं. यांच्यानंतर दोनेक दिवस बाळ शांत वाटू शकतं. मात्र हा अर्थ लावायचं काम आमचं. तुम्ही फक्त इंजेक्शन कधी घेतलं ते सांगायचं.

आता तिथे पोचल्यावर काय होतं, म्हणजे काय व्हायला हवं, ते सांगतो. आधी ठोके ऐकले जातील आणि त्याच वेळी तुमची नाडीही पाहिली जाईल. कधीपासून, कमी की बंद, आधी असं झालं होतं का, रक्त किंवा पाणी गेलं का, हे विचारतील. रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, टेपने पोटाची उंची. मग पोटाला दोन पट्टे बांधून ठोक्यांचा आलेख काढतात, त्याला कुणी एनएसटी म्हणतं, कुणी सीटीजी. किमान २० मिनिटं, बाळ झोपेत असेल तर जास्त. बाळ हललं की ठोके वाढायला हवेत, जसे आपण जिना चढलो की आपले वाढतात. आलेखात ते दिसलं की आत्ता, या घडीला बाळाची तब्येत ठीक आहे हे कळतं.

‘या घडीला’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. हा आलेख पुढच्या आठवड्याची हमी देत नाही. वाढ मागे पडलेल्या बाळाचा आलेखसुद्धा आज चांगला येऊ शकतो. म्हणून पोटाची उंची कमी भरत असेल, तुम्हाला काही जोखीम असेल, किंवा आलेख चांगला येऊनही हालचाल अजून कमीच वाटत असेल, तर सोनोग्राफी हवी. त्यात बाळाचं वजन, भोवतालचं पाणी आणि गरज पडल्यास नाळेतलं रक्त कसं वाहतंय ते पाहतात (यालाही डॉपलरच म्हणतात, पण हे ते घरचं यंत्र नव्हे). तीन आठवड्यांपूर्वीची चांगली सोनोग्राफी आजच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. क्वचित बाळाचं रक्त वारेतून आईच्या रक्तात झिरपत असतं आणि बाळ पांढरं पडत जातं. बाहेर रक्त दिसत नाही, पोट दुखत नाही, हालचाल कमी होणं हीच एक खूण. ठोक्यांचा आलेख विशिष्ट लाटांसारखा दिसला की आम्हाला तो संशय येतो आणि आईच्या रक्ताची तपासणी करून तो पक्का करता येतो.

सगळं ठीक निघालं तर घरी. ३४ आठवड्यांत केवळ एकदा हालचाल कमी वाटली म्हणून कोणी प्रसूती करणार नाही, करूही नये. लवकर जन्मण्याचे स्वतःचे धोके असतात. दिवस भरत आलेले असतील, विशेषतः ३९ आठवड्यांनंतर, तर तराजू फिरतो आणि कळा आणण्याबद्दल बोलता येतं. तुमच्याशी बोलून, तुमच्यावर लादून नाही.

घरी गेल्यावर पुन्हा कमी वाटलं तर? पुन्हा यायचं. त्याच दिवशी संध्याकाळी वाटलं तरी. इथे बायका सगळ्यात जास्त कचरतात : ‘कालच तर आलेख काढला, आज परत गेले तर काय म्हणतील?’ वारंवार हालचाल कमी होणं हे एकदा कमी होण्यापेक्षा जास्त काळजीचं आहे. दुसऱ्यांदा आलेल्या बाईकडे आम्ही कमी नाही, जास्त लक्ष द्यायला हवं.

एक उलटी गोष्टही सांगून ठेवतो. बाळ रोजच्यापेक्षा जास्त हलतंय ही सहसा चांगली बातमी. पण एकदाच, अचानक, कधी नव्हे इतकी जोरात, झटापट केल्यासारखी हालचाल आणि त्यानंतर एकदम शांतता, असं झालं तर तेही कमी हालचालीइतकंच तातडीचं समजा. बाळ पोटात गेलेल्या काही आयांनी मागे असंच वर्णन केलंय.

जोखीम कुणाला जास्त? रक्तदाब, मधुमेह, आधीचं बाळ पोटात गेलेलं किंवा वजनाने फार लहान झालेलं, धूम्रपान, जास्त वय, जास्त वजन, दिवस उलटून जाणं, तळहात-तळपायांना खाज सुटणारा तो यकृताचा विकार. यातलं काही असेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा. यातलं काहीच नसेल म्हणून निर्धास्त राहू नका. पोटात गेलेल्या कितीतरी बाळांच्या आयांना यातलं काहीच नव्हतं.

झोपेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण ते सोपं आहे. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपा, डावी असो की उजवी. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. अनेक देशांतली माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा उताणं झोपी जाणाऱ्यांमध्ये शेवटच्या तिमाहीतला मृतजन्माचा धोका अडीच पटीहून जास्त आढळला. मध्यरात्री जाग आली आणि आपण पाठीवर आहोत असं दिसलं तर घाबरायचं नाही, कूस बदलून पुन्हा झोपायचं. महत्त्व आहे ते झोप लागतानाच्या स्थितीला.

शेवटी तुमच्याच कामाची एक गोष्ट. फोन उचलणारी व्यक्ती कदाचित म्हणेल, ‘परवा तारीख आहे ना, तेव्हाच या.’ किंवा ‘ज्यूस पिऊन बघा.’ वाद घालू नका. एवढंच म्हणा : ‘हालचाल कमी आहे, आज ठोक्यांचा आलेख काढायचाय, मी निघाले आहे.’ आणि निघा. तिथे पोचल्यावर कोणी नुसते ठोके ऐकून ‘आहे की सगळं’ म्हणत परत पाठवू लागलं, तर आलेख काढायला सांगा, आणि आलेखानंतरही हालचाल जाणवत नसेल तर ते तसंच सांगा आणि कागदावर लिहून घ्यायला लावा. परवाची तारीख मोडू नका, तीही पाळा.